सई या नावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलीचं नाव सई ठेवायचं आहे, ठेवलं आहे किंवा स्वतःचंच नाव सई आहे, अशा वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगितलेली नाही, गरज पडली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘सई’ या नावाचा अर्थ काय?

मैत्रीण, सखी. बाईने बाईला मारलेली ही हाक आहे. जात्यावरच्या ओव्यांत दळणारी बाई शेजारणीला ‘सये’ म्हणते, आणि चारचौघी असल्या तर ‘सयांनो’. बोलण्यातून हा शब्द आता जवळजवळ गेला. मैत्रिणीची ओळख करून देताना ‘ही माझी सई’ असं कुणी म्हणत नाही. गाण्यांत आणि नावात मात्र तो टिकून आहे.

२. सई हा संस्कृत शब्द आहे का? कुठल्या वेदात किंवा पुराणात आलाय?

मूळ संस्कृत आहे, ‘सई’ हे रूप मात्र संस्कृत नाही. वेदात किंवा पुराणात ते सापडणार नाही. संस्कृत ‘सखी’चं प्राकृतात ‘सही’ झालं. दोन स्वरांच्या मधला ‘ख’ प्राकृतात ‘ह’ होतो, तसंच हे. संस्कृतातल्या ‘लिख्’चं आपण ‘लिहिणं’ केलं ते याच वाटेने. पुढे ‘सही’तला ‘ह’ही झिजला आणि ‘सई’ उरलं.

माझ्या मते या नावाचा सगळ्यात सुंदर पुरावा हालाच्या गाथासप्तशतीत आहे. हाल हा सातवाहन राजा, राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. त्याच्या नावावरचा हा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे आणि त्यातल्या बायका मन मोकळं करताना मैत्रिणीला ‘सहि’ अशी हाक मारतात. हाक मारण्याचा हा शब्द मराठीच्या आजीच्या भाषेत रुळलेला होता. त्यामुळे ‘संस्कृत नाही म्हणजे नाव हलकं’ असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. हे नाव पोथीतून उचललेलं नाही. बोलणाऱ्यांच्या तोंडी झिजत झिजत ते आपल्यापर्यंत आलं आहे.

आज कागदावर मारतो ती ‘सही’ मात्र अरबीतून आली आहे, तिचा इथे संबंध नाही.

३. नावांच्या याद्यांमध्ये सई म्हणजे फूल, देवी, आठवण असे अर्थ दिलेले असतात. ते खरे का?

फूल नाही. जाई, जुई, सायली या फुलांच्या नावांशी उच्चार जुळतो, म्हणून तो अर्थ चिकटला असावा. देवी हा अर्थही ओढून आणलेला आहे. आठवणीसाठी मराठीत ‘सय’ हा शब्द आहे (‘माहेराची सय येते’). ‘सय’ आणि ‘सई’ कानाला जवळचे लागतात, म्हणून कवितेत त्यांचा खेळ करतात आणि तो छान दिसतो. नावाचा अर्थ म्हणून लिहायचं असेल तर ‘सखी’ लिहा.

४. सई आणि साई एकच ना?

नाही. हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो आणि त्याचा त्रासही होतो, म्हणून नीट सांगतो.

‘साई’ची व्युत्पत्ती बहुतेक जण ‘स्वामी’पासून लावतात. उत्तरेकडच्या संतांच्या पदांत ‘साईं’ म्हणजे मालक, परमेश्वर. शिर्डीच्या साईबाबांमुळे हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी गेला आणि त्यावरून साईनाथ, साईप्रसाद, साईराज अशी मुलांची नावं आली. दक्षिणेत, विशेषतः तेलुगू मुलखात तर ‘साई’ हे नावाच्या सुरुवातीला मुलगा आणि मुलगी दोघांनाही लावतात. अभिनेत्री साई पल्लवी आणि बॅडमिंटनपटू साई प्रणीत ही त्याची माहीत असलेली उदाहरणं.

‘सई’ म्हणजे सखी, आणि हे फक्त मुलीचं नाव आहे. मराठीत लिहिलं तर एका कान्याचा फरक दिसतो. इंग्रजीत बऱ्याचदा दोन्ही एस-ए-आय असंच लिहितात आणि फरक पुसला जातो. त्यावर काय करायचं ते प्रश्न १३ मध्ये आहे.

५. इतिहासातली पहिली सई कोण?

‘पहिली’ म्हणता येणार नाही, पण मराठी मनात सई म्हटलं की सईबाई आठवतात. फलटणच्या नाईक-निंबाळकर घराण्यातल्या मुधोजीरावांच्या त्या कन्या. १६४० साली पुण्यात शिवाजीराजांशी त्यांचं लग्न झालं तेव्हा दोघंही लहान होती. सखूबाई, राणूबाई, अंबिकाबाई या मुली आणि १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर जन्मलेले संभाजीराजे ही त्यांची मुलं. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर त्या वारल्या. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा प्रसंग घडला. राजगडाच्या पायथ्याला पाल खुर्दमध्ये त्यांची समाधी आहे. गडावर जाणारे बरेच जण तिकडे वळत नाहीत, वाट थोडी वाकडी करून जावं.

इथे मुलीच्या नावाकडे बघा. आई सईबाई, थोरली लेक सखूबाई. ‘सखू’ही ‘सखी’पासूनच आलं. एका मुळाची दोन नावं एकाच घरात आई आणि लेकीला होती. ही सखूबाई पुढे फलटणच्या निंबाळकरांकडे, म्हणजे आईच्याच माहेरी सून म्हणून गेली. या दोन नावांच्या वाटा नंतर कशा वेगळ्या झाल्या ते प्रश्न १८ मध्ये पाहा.

६. सईबाईंनंतर हे नाव मध्येच गायब का झालं?

पुरतं गायब झालं असं मला वाटत नाही. ते कागदावर कमी दिसतं, आणि त्याची कारणं आपल्या रीतीभातीत आहेत.

एक तर जुन्या कागदांत बायकांची नावंच कमी येतात. बाई कुणाची तरी बायको, आई किंवा सून म्हणून नोंदलेली असते. दुसरं असं की अनेक मराठी घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावच बदलत. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यावर नवं नाव काढायचं आणि ते सगळ्यांना वाचून दाखवायचं. माहेरची सई त्या ताटातून सरस्वती किंवा लक्ष्मी होऊन उठली, तर पुढच्या प्रत्येक कागदावर तीच लक्ष्मी. पाळण्यातलं नाव आईच्या तोंडात आणि माहेरच्या अंगणात राहिलं.

तिसरं कारण ‘बाई’. मोठ्या बाईचं नाव ‘बाई’ लावल्याशिवाय घेत नसत. सई सुटी कधी दिसायचीच नाही, दिसायची ती सईबाई. शाळा आणि हजेरीपटामुळे विसाव्या शतकात ‘बाई’ हळूहळू गळत गेलं. मग गंगाबाई, यमुनाबाई, सईबाई अशी सगळीच नावं जुन्या काळातली वाटू लागली आणि लोक मालती, कुमुदिनी, शकुंतला, सुलोचना अशा लांब संस्कृत नावांकडे वळले. त्या लाटेत दोन अक्षरी, देशी वळणाच्या सईला जागा नव्हती.

७. मग ते पुन्हा चालू कधी झालं? आणि का?

‘बाई’शिवायची सई स्वातंत्र्यापूर्वीही होती. चित्रपट दिग्दर्शक आणि लेखिका सई परांजपे यांचा जन्म १९३८चा. त्या काळात मुलीला हे नाव देणारं घर वेगळ्याच वाटेचं होतं हे खरं: आई शकुंतला परांजपे, आजोबा रँग्लर परांजपे. १९८०च्या दशकात त्यांच्या चित्रपटांमुळे हे नाव घराघरांत वाचलं गेलं. एका कर्तबगार, आधुनिक बाईचं नाव सई असू शकतं, हे लोकांनी पडद्यावरच्या श्रेयनामावलीत पाहिलं.

लाट म्हणावी असं जे दिसतं ते १९९०च्या दशकापासून, आणि २००० नंतर अधिक. माझ्या समजुतीप्रमाणे त्यात दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या. संगीता, सुनीता, मनीषा, प्रियांका ही देशभर चालणारी नावं वर्गावर्गांत भरून झाली होती आणि काही आईवडिलांना ऐकताच मराठी वाटेल असं नाव हवं होतं. त्याच वेळी लहान नावांची आवड वाढली. सई, जुई, इरा, ओवी ही नावं एका दमात बोलता येतात. शिवचरित्राबद्दलचं प्रेम तर होतंच. जिजा आणि सई ही नावं त्या प्रेमातूनही ठेवली गेली. सांगलीत जन्मलेल्या सई ताम्हणकर यांच्यामुळे पुढच्या पिढीला या नावाचा ओळखीचा चेहरा मिळाला. २०२० साली सुरू झालेल्या एका हिंदी मालिकेची मराठी नायिकाही सई जोशी होती, त्यामुळे हे नाव महाराष्ट्राबाहेरच्या कानांवर गेलं.

या सगळ्यात नाव नवं झालेलं नाही. त्याला चिकटलेलं ‘बाई’ गेलं आणि त्याखाली जे होतं ते आपल्याला दिसलं.

८. महाराष्ट्रात किती सई आहेत? कुठल्या वर्षी हे नाव सर्वांत पुढे होतं?

असा अधिकृत आकडा कुणालाही देता येणार नाही. अमेरिकेत १८८०पासूनच्या जन्मांची नाववार यादी सरकार प्रसिद्ध करतं. आपल्याकडे जन्माची नोंद सक्तीची आहे, पण नावांची क्रमवारी प्रसिद्ध होत नाही. ‘यंदाची टॉप टेन मराठी नावं’ अशा याद्या कुणाच्या तरी संकेतस्थळावरच्या शोधांवरून किंवा अंदाजाने केलेल्या असतात. कल घ्यायचा असेल तर आपल्या भागातल्या शाळेचे वेगवेगळ्या वर्षांचे हजेरीपट, दहावीच्या गुणवंतांच्या याद्या आणि लग्नपत्रिका शेजारी ठेवून पाहा. प्रश्न ७ मध्ये जे म्हटलं आहे ते अशाच निरीक्षणावर आहे.

९. हे नाव ठराविक जातीचं आहे का?

नाही. सईबाई मराठा घराण्यातल्या, सई परांजपे चित्पावन घरातल्या. आज हे नाव सगळ्या समाजांत आहे. मुळात मैत्रिणीची हाक असल्यामुळे ते कुणा एकाच्या कुळाचं कधी नव्हतंच. ते आवडण्याचं हेही एक कारण असं अनेक पालक लिहितात, आणि मला ते फार योग्य वाटतं.

१०. खूप कॉमन झालंय का? वर्गात तीन सई निघाल्या तर?

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरकडे एखाद्या वर्गात दुसरी सई निघण्याची शक्यता आहे. तिसरी क्वचित. आता ओढा अन्वी, स्वरा, आरोही, ओवी यांच्याकडे जास्त दिसतो, त्यामुळे सईची गर्दी वाढेल असं वाटत नाही. शिवाय मराठी रीतीप्रमाणे नावापुढे वडिलांचं नाव येतंच. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर महाराष्ट्रात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. त्या लांबलचक ओळीत सुरुवातीला दोन अक्षरांचं नाव असणं फॉर्म भरताना सोयीचंच पडतं.

११. सई हे सायलीचं लघुरूप आहे का?

नाही, दोन्ही स्वतंत्र नावं आहेत. सायली म्हणजे पांढरं सुवासिक फूल. सायलीला घरी लाडाने सई म्हणणारी माणसं आहेत, पण तसं कुणी स्वराली किंवा सानिकालाही म्हणतं. लाडाच्या नावाला नियम नसतो.

१२. सई नावाची रास कोणती? अक्षर वेगळं आलं तर हे नाव ठेवता येईल का?

पंचांगातल्या अवकहडा चक्राप्रमाणे ‘स’ची अक्षरं कुंभ राशीत येतात: सा, सी, सू शततारकेत आणि से, सो पूर्वाभाद्रपदेत. ‘सई’ला सामान्यतः ‘सा’चं मानतात.

अक्षर वेगळं आलं तर अडत काहीच नाही. नावरस नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं ही आपल्याकडची जुनी सोय आहे. पत्रिकेत ‘गो’वरून गोमती लिहिलं आणि बारशाला सई ठेवलं, असं किती तरी घरांत होतं.

१३. इंग्रजी स्पेलिंग कसं करावं?

तीन-चार पर्याय चालतात, आणि प्रत्येकात काही तरी गमवावं लागतं.

एस-ए-आय सगळ्यात छोटं, पण ‘साई’ आणि ‘सई’ एक होतात (प्रश्न ४). दक्षिणेत मुलगा समजतील. एस-ए-डबल ई मराठी माणूस बरोबर वाचतो, मुलीचं नाव आहे हेही कळतं. माझा कौल याला. एस-ए-वाय-डबल ई किंवा एस-ए-वाय-आय केलं तर ‘सयी’ किंवा ‘सेयी’ असा उच्चार व्हायचा धोका असतो.

जे ठरवाल ते जन्मदाखल्यापासून एकच ठेवा. आणखी एक गोष्ट नक्की करा. आधारची नोंदणी करताना इंग्रजी नाव टाकलं की मराठी ओळ बऱ्याचदा यंत्र स्वतःच भरतं, आणि तिथे ‘सई’चं ‘साई’ किंवा ‘सै’ होऊन बसतं. पावती हातात घेण्याआधी पडद्यावरची देवनागरी ओळ मोठ्याने वाचून घ्या. तिथे एका कान्याची चूक राहिली तर ती पुढे शाळेत आणि बँकेत पोचते.

१४. जन्मदाखल्यावर अजून नाव नाही, किंवा चुकीचं लागलंय. काय करायचं?

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे नावाशिवायही जन्माची नोंद होते. नोंदीपासून बारा महिन्यांच्या आत नाव दिलं तर शुल्क नाही. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिका, जिथे नोंद झाली तिथेच अर्ज करायचा.

लिहिण्यातली चूक असेल (‘सई’चं ‘साई’) तर त्याच कार्यालयात पुराव्यासह दुरुस्तीचा अर्ज द्या. नाव पूर्ण बदलायचं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो.

१ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्यामुळे आता दाखल्यावरचं नाव पहिल्याच वर्षी तपासून घ्या.

१५. आम्ही परदेशात राहतो. तिथे हे नाव चालेल का?

चालेल, फक्त शिकवावं लागेल. इंग्रजी बोलणारे एस-ए-आय पाहून ‘साय’ म्हणतात. शिक्षकांना पहिल्याच दिवशी ‘स’ आणि ‘ई’ अशी दोन अक्षरं सुटी करून सांगा, लगेच येतं. तेलुगू मित्रमंडळींना मात्र मुलीचं नाव फक्त ‘साई’ कसं, असं वाटेल. त्यांना प्रश्न ४ सांगा.

१६. दुसऱ्या भाषांत या नावाचा काही वाईट अर्थ तर नाही?

वाईट नाही, उलट छानच आहे. बंगालीत ‘शोई’ म्हणजे मैत्रीणच, आणि तोही ‘सखी’पासूनच आलेला. तिकडे दोघी ठरवून एकमेकींच्या शोई होतात, ते नातं जन्मभर पाळतात. लेखिका नवनीता देव सेन यांनी बंगालमधल्या लेखिकांची जी संस्था उभी केली तिचं नावही ‘शोई’.

उत्तर प्रदेशात सई नावाची नदी आहे. हरदोई जिल्ह्यात उगम पावून ती जौनपूरकडे गोमतीला मिळते. तुलसीदासांच्या रामचरितमानसात भरताच्या परतीच्या प्रवासात ती येते. अरबीत ‘सई’ म्हणजे धावपळ, प्रयत्न. हज यात्रेत सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतात त्या विधीला सई म्हणतात. या दोन्हींचा आपल्या नावाशी संबंध नाही, पण कुणी विचारलं तर माहीत असावं.

१७. ‘सईला’ बरोबर की ‘सयीला’?

‘सईला’, ‘सईचं’, ‘सईने’. ‘गौरी’चं जसं ‘गौरीला’ होतं, तसंच. एकटीला हाक मारताना ‘सई’ किंवा ‘अगं सई’. ‘सये’ ही हाक गाण्यातली आणि प्रेमातली.

१८. आमच्या आजींचं नाव सखूबाई होतं. मुलीचं नाव सई ठेवलं तर आजींचं नाव ठेवलं असं म्हणता येईल का?

हा प्रश्न येतो तेव्हा मला फार बरं वाटतं. हो, म्हणता येईल, निःशंकपणे म्हणता येईल. दोन्ही नावं ‘सखी’पासूनच आली आहेत.

फक्त नशीब वेगळं निघालं. सखू हे कऱ्हाडच्या संत सखूचं नाव. सासरच्यांनी बांधून ठेवलं, तरी ती पंढरीला गेली आणि तिच्या जागी विठ्ठल सखू होऊन घरकाम करत राहिला, अशी तिची कथा घरोघरी सांगितली जाते. इतकं मोठं नाव शहरातल्या लोकांनी ‘गावाकडचं’ म्हणून टाकलं. नाटका-सिनेमांतल्या मोलकरणींना ते दिलं गेलं आणि मग मुलीला ठेवायची लाज वाटू लागली. सईला राणीचं नाव म्हणून मान राहिला, सखूला तो मिळाला नाही. आज ‘सखी’ हे नाव पुन्हा ठेवतात, सखू अजून कुणी ठेवत नाही. धीर असेल तर सरळ सखू ठेवा. तेही दोनच अक्षरांचं नाव आहे, आणि म्हणायला गोड आहे.

सई ठेवणार असाल तर बारशाच्या पत्रिकेत आजींचं नाव लिहा: ‘पणजी कै. सखूबाई यांच्या नावावरून’. आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगेल, तेव्हा तिला हे आधीच माहीत असू द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला मात्र विसरू नका, कारण सईमध्ये सखू आहे हे ऐकून ओळखता येत नाही.